दोन घरं खाली

फोन आला तेव्हा मी आठवीच्या वर्गात फळ्यावर समास लिहीत होतो. मोबाईल टेबलावर थरथरत सरकत होता आणि नाव दिसत होतं ‘भिका वर्कशॉप’. वर्गात फोन घ्यायचा नाही हा माझाच नियम, म्हणून मी घेतला नाही. दुसऱ्यांदा वाजला तेव्हाही नाही. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा मात्र खडू हातात तसाच धरून मी व्हरांड्यात आलो, कारण भिका कधी तीनदा फोन करत नसे. एकदा करायचा, उचलला नाही तर शिवी हासडून आपल्या कामाला लागायचा. मी आधीच चिडून बोललो, “काय रे, शाळेत आहे ना मी.” पलीकडे कमलवहिनी होत्या, भिकाची बायको. “भाऊ, तुमना दोस्त गया हो,” एवढंच म्हणाल्या. मी विचारलं, “कोठे गया?” त्या प्रश्नाची मला अजून लाज वाटते. मराठीचा मास्तर मी, ‘जाणे’ या क्रियापदाचे अर्थ पोरांकडून घोकून घेतो. पण कळलं नव्हतं असं नाही. दोन वर्षं मी याच फोनच्या भीतीत जगत होतो. तो आला, तेव्हा तो आलाच नाही असं अजून क्षणभर धरून चालायला मला एक प्रश्न लागला.

या गोष्टीला आता दीड महिना झाला. वर्तमानपत्राच्या पुरवणीवाल्यांनी लिहा म्हटलं तेव्हा मी आधी नको म्हणालो. मग हो म्हणालो. मग चार दिवस कागद तसाच ठेवला. मी भित्रा माणूस आहे, हे सुरुवातीलाच सांगून टाकतो. पुढचं सगळं त्यातूनच आलेलं आहे.

भिका रनाळ्याचा. मीही रनाळ्याचा, पण नोकरीमुळे नंदुरबारला राहायला आलो; तो गावातच राहिला. त्याच्या आधीची दोन भावंडं पाळण्यातच गेली, म्हणून आईनं देवापुढे पदर पसरून हा मागून घेतला आणि नाव ठेवलं भिका. असं हलकं नाव ठेवलं की काळाची नजर पडत नाही, ही आमच्याकडची जुनी समजूत. भिका त्यावर म्हणायचा, “मन्हं नाव ऐकीसन यम बी म्हनस, याच्याकडे काय शे, पुढलं घर देखू.” आम्ही पहिलीपासून एका बाकावर बसलो. दहावीनंतर मी डी. एड.ला गेलो आणि तो मोटर रिवाइंडिंग शिकला. विहिरीवरच्या, बोअरच्या, पिठाच्या गिरणीच्या, कुलरच्या, जळालेली कसलीही मोटर त्याच्याकडे यायची. जळकी तार उपसून काढायची आणि नवी तांब्याची तार वेढा वेढा मोजून भरायची, हे त्याचं तीस-पस्तीस वर्षांचं काम. हात असा सवयीचा, की तार चिमटीत धरून तो नंबर सांगायचा आणि मग खात्रीला मायक्रोमीटर लावायचा. चुकलेला मी पाहिला नाही... म्हणजे एकदाच पाहिला.

गिटार त्याच्याकडे आली ती नवापूरहून. तिथल्या एका पोल्ट्रीत पंख्यांच्या मोटरी भरायला तो जायचा. पोल्ट्री बंद झाली, मॅनेजर आपल्या मुलखात परत निघाला, आणि सामानात न मावणारी एक जुनी गिटार त्यानं भिकाच्या मोटरसायकलवर बांधून दिली. तार एकही नव्हती. घोडी, म्हणजे खालची ती लाकडी पट्टी जिच्यावर तारा अडकवतात, तिला बारीक चीर होती. भिकानं आयुष्यात गिटार हातात धरलेली नव्हती. आमच्या भजनात तो टाळ वाजवायचा आणि मी पेटी. पण त्यानं खुंट्या मोजल्या, बारा निघाल्या, आणि गडी खुळावला. सहा जोड्या. वरच्या दोन जोड्यांत दोन्ही तारा सारख्या, आणि बाकी चार जोड्यांत एक जाड आणि तिच्या शेजारी तोच सूर वरच्या सप्तकात देणारी एक बारीक. “मास्तर, ह्या तर जोडीनं वाइंडिंग शे,” तो म्हणाला. गिटार म्हणणं त्याला कधी जमलं नाही. पहिल्या दिवसापासून तो तिला बारातारी म्हणत आला.

आता ती चूक सांगतो, जी गिटारवाल्यानं कधी केली नसती आणि मोटरवाल्यानं केल्यावाचून राहिली नसती. तांब्याच्या तारेचा हिशेब असा, की नंबर मोठा तितकी तार बारीक. अठरा नंबर जाड, अठ्ठावीस नंबर केसासारखी. भिकाच्या हाडात मुरलेला हिशेब हा. बाराही तारांची ओढ त्या चिरलेल्या घोडीवर पडणार, तेव्हा आपण सगळ्यात बारीक तारा लावू, असं त्यानं शहाणपणानं ठरवलं. सुरतच्या दुकानात गेला. दुकानदार म्हणाला, बारा तारांचा संच नाही, सहाचे दोन घ्या, बारीक तारा सुट्या देतो. दहा नंबर देऊ? भिका म्हणाला, “दहा नको, जाड व्हई. तेरा द्या.” गिटारच्या तारांत दहा बारीक आणि तेरा जाड. तो जाडात जाड संच घेऊन आला आणि मोठ्या समाधानानं चढवायला बसला. दुपारची वेळ होती. मी समोर स्टुलावर बसून मोबाईलमधलं सूर दाखवणारं ॲप धरलं होतं. काटा हिरवा झाला की सूर लागला, एवढं आम्ही पोरांकडून शिकलो होतो. नवव्या-दहाव्या तारेला गिटारचं पोट फुगलेलं मला स्पष्ट दिसलं. मी म्हणालोही, “भिका, पोट वर आलंय.” तो म्हणाला, “बारीक तार शे, काही व्हत नही.” आणि अकराव्या तारेला फाट्कन आवाज आला. घोडी मुळापासून उखडली आणि सगळ्या तारांसकट उडून माझ्या गालावर बसली. डोळा एका बोटानं वाचला. डाव्या डोळ्याखाली अजून वण आहे. दाढी करताना रोज दिसतो.

रक्त पाहून मला भोवळ आली, आणि भिका मला सोडून आधी मायक्रोमीटर शोधायला धावला. त्यानं पडलेली तार मोजली, आकडा पाहिला आणि खाली बसला. “आठे, या तारास्मा, उलटं शे,” म्हणाला. “आकडा वाढना तर तार जाड.” स्वतःच्या हातात मोजायचं यंत्र असून त्यानं पाकिटावरच्या नंबरावर भरवसा ठेवला होता. मग माझ्या गालाला हळद लावत त्यानं अख्ख्या तंतुवाद्य जातीला शिव्या घातल्या. मला त्या वेळी राग आला होता. आता वाटतं, तो बिचारा काळजीच घ्यायला गेला होता.

त्यानंतर बारातारीचे कायदे झाले. घोडी त्यानं सरसानं चिकटवली, शिकंज्यात दाबून चार दिवस ठेवली. तार कुठलीही असो, आधी मोजायची. मग छोट्या पाकिटात घालून वर स्वतःच्या अक्षरात जाडी आणि जागा लिहायची. दहाचा संच. आणि सगळ्यात मोठा कायदा, पूर्ण सुरात चढवायचीच नाही. गिटारच्या दांडीवर आडव्या पट्ट्या असतात, दोन पट्ट्यांमधल्या जागेला आम्ही घर म्हणतो. तर बारातारी कायम दोन घरं खाली उतरवून ठेवायची, आणि पेटीशी जुळवायची वेळ आली की दुसऱ्या घरावर कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबणारा तो चिमटा, लावायचा. सूर तोच मिळतो आणि घोडीवर ओढ कमी. “दोन घर खाले ऱ्हावानं, मास्तर. जास्त तानानं नही.” खाली उतरवल्या की जाड तारा ढिल्या पडून भणभणायच्या, म्हणून खर्जाच्या दोन जोड्यांना त्यानं एकेक नंबर जाड तार घातली. कधी सा-प-सा-ग-प-सा अशी मोकळी लावायचा, की दांडीवर बोट न ठेवता सगळ्या छेडल्या तरी भजनाचा सूर उभा राहावा. त्यात प्रत्येक तार एक तर जागच्या जागी राहायची, नाही तर खाली यायची, वर एकही चढायची नाही. मला हे लावणं सगळ्यात आवडायचं, आणि ते का, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

तिसऱ्या जोडीतली बारीक तार मात्र माझी वैरीण. बारातारीवरची सगळ्यात बारीक तार ती, आणि सगळ्यात उंच सूरही तिचाच. तुटली तर तीच तुटायची. भिका तिला धाकली म्हणायचा. दोन घरं खाली ठेवायची म्हणून तिथं आम्ही नऊ नंबर वापरायचो. धाकली चढवायची वेळ आली, की खुंटीला हात लावण्याआधी तो दर वेळी म्हणायचा, “मास्तर, तोंड फिरव.” मी तोंड फिरवून भिंतीकडे बघायचो, गालावर तळहात ठेवायचो, आणि ॲप त्याच्याकडे धरायचो. हिरवं झालं की तो म्हणायचा, “व्हयनं. देख आते.” पन्नाशी उलटलेली दोन माणसं. गावातली माणसं वर्कशॉपच्या दारातून हे बघून हसत जायची.

एकदा मोलगीला पिठाच्या गिरणीची मोटर बसवायला जायचं होतं, आणि बाजारचा दिवस असल्यामुळे तो बारातारी बरोबर घेऊन निघाला. मलाही ओढलं. घाटात जीपमध्ये किती माणसं होती ते मोजायची माझी हिंमत झाली नाही. वळण आलं की मी डोळे मिटायचो. भिका मागच्या फळीवर निम्मा बाहेर बसून, गिटार पोटाशी धरून, अनोळखी माणसाबरोबर मक्याच्या पिकाच्या गप्पा मारत होता. मोटर बसवून झाल्यावर गिरणीच्या ओट्यावर त्यानं वाजवायला घेतलं. दळणाला आलेल्या बायका थांबल्या. त्यातल्या एका म्हातारीनं तिच्या बोलीत काहीतरी विचारलं. जीपवाल्यानं सांगितलं, ती म्हणतेय, एका कामाला दोन-दोन तारा कशाला? भिकानं माझ्याकडे बोट केलं. “तिले सांग, एक कामनी शे आनि दुसरी घाबरट शे. घाबरटले एकली ऱ्हावाले जमत नही.” जीपवाल्यानं ते सांगितलं आणि सगळा ओटा हसला. मीही हसलो. उतरताना घाटात भिकानं माझं मनगट धरून ठेवलं होतं.

त्याच्या पोटातली गोष्ट कळली ती मुतखड्यामुळे. सोनोग्राफी करायला गेला आणि डॉक्टरला वेगळंच दिसलं. काळजाकडून खाली येणारी मोठी रक्तवाहिनी पोटात एका जागी फुगली होती. दुखत नव्हतं, खुपत नव्हतं. वजन उचलू नका, बीपी सांभाळा, सहा महिन्यांनी पुन्हा मोजू, असं सांगितलं. सहा महिन्यांनी आकडा वाढला. पुढच्या खेपेला आणखी वाढला. सुरतच्या डॉक्टरनं सांगितलं की आता ऑपरेशन करून टाका. फुटली तर घरून दवाखान्यापर्यंत पोहोचायला वेळ मिळत नाही. भिकानं मला कागद दाखवला आणि म्हणाला, “आपला गेजमा आकडा वाढना म्हनजे बारीक व्हस. घाबरू नको.” आपला गेज म्हणजे तांब्याच्या तारेचा नंबर. त्यानंतर मला झोप लागेना. त्याला लागत होती.

त्याची मुलगी मनीषा सुरतला असते, नर्स आहे. तिनं मला फोन केला. “काका, बाबा मन्हं ऐकत नही, आईनं ऐकत नही. तुमनं ऐकतस. तुमी सांगा ना त्यास्ले.” रडत नव्हती, पण शब्द तोलून बोलत होती. मी म्हणालो, सांगतो. रविवारी रनाळ्याची एसटी धरली. गाडीत वाक्यं पाठ केली होती, मास्तरच मी. पहिलं वाक्य होतं, ‘भिका, हे ऑपरेशन आता फार सोपं झालंय.’ दुसरं होतं, ‘मनीषा त्याच शहरात आहे, चिंता कसली?’ चांगली वाक्यं होती. वर्कशॉपमध्ये गेलो तर भिका खाटेवर उताणा पडून बारातारीच्या पोटावर स्टीलची पट्टी आडवी धरून बघत होता. फुगवटा मोजायचा हा त्याचा दर रविवारचा नेम. मला पाहून उठला, गिटार बाजूला ठेवली, शर्ट वर केला आणि म्हणाला, “हात ठेव.” मी म्हणालो, नको. त्यानं माझा हात ओढून बेंबीच्या वर ठेवला. बारीक अंगाचा माणूस. कातडीखाली काहीतरी ठकठकत होतं. हृदय जिथं असतं तिथून वीतभर खाली, दुसरं हृदय असावं तसं, जोरात... मी हात मागे घेतला. सगळी वाक्यं गेली.

माझे वडील हर्नियाच्या साध्या ऑपरेशनला स्वतःच्या पायांनी चालत गेले होते. पिशवीत टॉवेल आणि पंचांग घेऊन. परत आणायला आम्हाला गाडी करावी लागली. भिकाला हे माहीत होतं, स्मशानात लाकडं त्यानंच रचली होती. त्या खाटेवर बसल्यावर मला दिसायला लागलं ते भिकाचं पोट आणि त्यावर चालणारं पातं. दुसरं काही सुचेना. भिका म्हणाला, “तू बोल. तू काय म्हनस?” मी बारातारीकडे बघितलं आणि म्हणालो, “ही बघ. दोन घरं खाली ठेवलीस, सहा वर्षं टिकली ना? तूही तसाच राहा. जड उचलू नको, चिडू नको, ओरडून गाऊ नको. दोन घरं खाली राहा... कशाला उघडायचं पोट?” असंच म्हणालो. शब्दाला शब्द आठवतो. तो बराच वेळ पट्टी हातात फिरवत बसला. मग म्हणाला, “बरं. मास्तर म्हनस तसं.” आणि चहा मागवला. परतीच्या एसटीत मला हलकं वाटत होतं. हे लिहिताना हात जड झालाय, पण हलकं वाटत होतं हे खरं आहे.

संध्याकाळी मनीषाचा फोन आला. मी काय सांगावं याची जुळवाजुळव करत होतो, पण तीच म्हणाली, “काका, बाबानी सांगं माले. मास्तरनी तासभर समजाडं, पन मन्हं मन व्हत नही, असं म्हनेत. तुमी तरी काय करशात.” म्हणजे भिकानं सगळं आपल्या अंगावर घेतलं होतं. मी म्हणू शकलो असतो, नाही गं पोरी, उलट झालंय. मी म्हणालो, “बघू, पुन्हा बोलतो.” आणि पुन्हा कधी बोललो नाही.

नंतरची दोन वर्षं भिका खरोखर दोन घरं खाली राहिला. मोटर उचलायला माणूस बोलवायचा. भजनात वरच्या पट्टीत जायचा नाही, ओठ हलवायचा. हसणंसुद्धा आवरतं घेतलं होतं, निदान मला तसं वाटायचं. मी दर रविवारी जायचो आणि बोलता बोलता माझी नजर त्याच्या शर्टाच्या तिसऱ्या-चौथ्या गुंडीवर जायची. तो ते पकडायचा. “काय देखस? फुटनी नही अजून.” मोबाईल वाजला की मी आधी लांबूनच नाव बघायचो. त्याचं नाव दिसलं तर उचलायला धजायचो नाही, आणि त्याचा आवाज ऐकला की उगाच चिडायचो. इतकं घाबरूनही, वाक्य मागे घ्यायला मात्र मी गेलो नाही. आपण एकदा बोललोय ते चुकलं असेल, या विचाराला तोंड द्यायची ती जास्त मोठी भीती होती.

तो गेला गुरुवारी, भर दुपारी, वाइंडिंगच्या मशीनवर बसलेला. कॉइल अर्धी भरलेली होती. वहिनी ताट वाढलंय सांगायला आल्या तेव्हा संपलं होतं. मी पोहोचलो, सगळं झालं, आणि घरी परतायच्या वेळी मनीषानं माझा हात धरला. सगळ्यांसमोर म्हणाली, “काका, तुमी तरी खूप सांगं व्हतं त्यास्ले. आमनंच नशीब.” आजूबाजूच्या माणसांनी माना हलवल्या. मी तिच्याकडे बघितलं नाही. माझं तोंड आपोआप भिंतीकडे वळलं.

पंधरवड्यानं वहिनींनी बारातारी माझ्याकडे पाठवली. त्यास्नी इच्छा व्हती, असा निरोप. मी गिटारची पेटी उघडली. कॅपो गिटारवर नव्हता, झाकणाच्या खणात पडलेला होता. मी ॲप लावून सगळ्यात जाड तार छेडली. काटा हिरवा. कॅपोशिवाय तो हिरवा व्हायला नको होता, मला वाटलं ॲप बिघडलं. दुसरी छेडली, हिरवी. बाराच्या बारा छेडल्या. धाकली जरा उतरलेली होती, बाकी सगळ्या पूर्ण सुरात. दोन घरं वर. मी गिटार खाली ठेवली आणि दोन पावलं मागे सरकलो. मग मनीषाला फोन केला, की बाबांनी ही वर कधी चढवली? ती म्हणाली, “काका, तुमले सांगानं नही असं म्हने व्हतात.” भिकानं ऑपरेशनची तारीख घेतली होती. सोमवारची, सुरतला. ज्या गुरुवारी गेला त्याच्यानंतरच्या सोमवारची. तारीख ठरली त्या दिवशी त्यानं दुपारभर बसून बारातारी एकेक खुंटी करत वर चढवली. मनीषा घरी आलेली होती. तिनं विचारलं, बाबा, घोडी निघेल ना? तर म्हणाला, “देखू तरी. इतला वरीस खाले ठेयी.” आणि माझ्याविषयी म्हणाला, “मास्तरले सांगू नको. तो घाबरी जाई. आपरेशन व्हई जाऊ दे, मंग सांगजो.”

चार दिवस. मी दोन वर्षं घेतली होती त्याची, आणि त्याला चार दिवस कमी पडले. ओळखीचे एक डॉक्टर म्हणतात, असं कुणाच्या बोलण्यावर ठरत नसतं, ऑपरेशनमध्येही काही होऊ शकलं असतं. हे मी स्वतःलाही पुष्कळदा सांगून पाहिलं. पण ते वाक्य माझ्या तोंडून गेलं, आणि ते त्यानं ऐकलं, आणि मग त्याचं खापर स्वतःच्या माथी फोडून घेतलं. यात डॉक्टरांना काय बोलायचं आहे?

बारातारी माझ्या पुढच्या खोलीत भिंतीला टेकून उभी आहे. मनीषा फोनवर म्हणाली होती, काका, उतरी ठेवजात हो, नहीतर घोडी निघी जाई. मी हो म्हणालो. पण उतरवायला बसलो की हात खुंटीवर थांबतो. या तारा त्यानं चढवल्या आहेत. रोज शाळेतून आलो की तिच्या पोटावर स्टीलची पट्टी धरतो, घोडीच्या मागे पोस्टकार्डाची कड सरकवून बघतो. अजून आत जात नाही. खोलीत वावरताना मी तिच्यापासून हातभर लांबून चालतो. बायको म्हणते, तुम्ही घरात साप पाळल्यासारखं वागताय.

गेल्या आठवड्यात, दुपारी, मी स्वयंपाकघरात पाणी पीत असताना पुढच्या खोलीत टिंग असा आवाज झाला. पेला हातातून पडला. मी तिथंच भिंतीला धरून उभा राहिलो. पुढे जायला मला किती वेळ लागला सांगत नाही. घोडी जागेवर होती. फक्त धाकली तुटली होती. गिटारच्या पेटीचा खण चाचपला तर तळाशी एक छोटं पाकीट होतं. नऊ नंबरचं नाही, आठचं. पूर्ण सुरात चढवायची तर नऊची ओढ जास्त पडते, आठच लागते. भिकाचं अक्षर, मोटरीच्या आकड्यांसारखं ठसठशीत. ‘८. धाकली. मास्तर, तोंड फिरवजो.’ हे त्यानं सवयीनं लिहिलं, की आपण सुरतहून परत न आलो तर ही तार कुणाला बदलावी लागेल हे ओळखून लिहिलं, मला माहीत नाही. मी ती तार मोजली, आधी. मग चढवली. खुंटी फिरवताना तोंड फिरवलं होतं, गाल तळहातानं झाकला होता, सगळं त्यानं शिकवलं तसं. मध्ये एकदा, दोन घरं खाली असतानाच, थांबावंसं वाटलं. थांबलो नाही. ॲप हिरवं झालं, पण ‘देख आते’ म्हणायला कुणी नव्हतं, म्हणून मी कितीतरी वेळ भिंतीकडेच बघत बसलो.

मनीषा येत्या रविवारी येणार आहे. हा लेख छापायला देण्याआधी मी तिला वाचून दाखवणार आहे, या खोलीत, सगळा, ते वाक्य न वगळता. ती काय म्हणेल याच्या भीतीनं मला तीन दिवस अन्न गोड लागलेलं नाही. तुम्ही हे वाचत असाल, तर तिनं छापू दिलं एवढंच समजा. बाकी काय झालं ते आमच्या घरातलं. मला फक्त एक ठरवायचं होतं, ते ठरवलंय. वाचताना ती समोर बसेल आणि बारातारी आमच्या दोघांच्या मधे असेल, वर चढवलेली, आहे तशी. त्या वाक्यापाशी आलो की मी मान वर करणार आहे आणि तिच्या डोळ्यांत बघणार आहे. भिका, या खेपेला तोंड फिरवत नाही.